फिलिझांका दे रे, सोन्या

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या ल्युबाबाईंनी टेबलावर चार चित्रं मांडली. कप, तवा, बूट आणि सायकल. मग हनुवटी तळहातावर टेकून त्यांनी अगदी सहज विचारलं, "मार्क्यान, कप कुठंय रे?"

मार्क्यान खिडकीकडे बघत होता. बाहेर पत्र्यावर एक कबुतर फिरत होतं, त्याच्या नखांची टिकटिक आत ऐकू येत होती.

"कप दाखव बघू मला."

इन्ना मागच्या खुर्चीत बसली होती. आईनं मध्ये बोलायचं नाही, असं आधीच ठरलेलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते, पण मांडीवरचं बोट आपोआप कपाच्या चित्राकडे वळत होतं. तिनं ते दुसऱ्या हातानं दाबून धरलं. कप झाला, तवा झाला, बूट झाले. पोरगं कबुतरातून बाहेर येईना.

ल्युबाबाईंनी चित्रं गोळा केली. "कान चांगले आहेत त्याचे. नजर चांगली आहे. तुम्ही आधी तो ताणलेला चेहरा सैल सोडा बरं, तो तुमच्याकडे बघतो आणि त्याला वाटतं काहीतरी वाईट घडलंय."

"उन्हाळ्यात तीन वर्षांचा होईल," इन्ना म्हणाली. "एक शब्द नाही."

"माहीत आहे मला. मे महिन्यात समिती बसेल, तेव्हा बघू. साधी बालवाडी की वेगळा गट, ते समितीच ठरवते." वेगळा गट म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यांच्या गावात, द्रोहोबिचमध्ये, तसा गट नव्हता. पोराला दुसऱ्या गावी सोमवारी सोडून यायचं आणि शुक्रवारी आणायचं. "घरात काय बोलता तुम्ही?"

"युक्रेनियन," इन्ना म्हणाली. "शुद्ध. मी पोल्तावाची आहे."

ल्युबाबाई खूष झाल्या. त्याही पूर्वेकडच्याच, नुकत्याच बदली होऊन या गावात आलेल्या. पोल्तावाची भाषा म्हणजे पुस्तकातली भाषा, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तसं लिहून घेतलं.

रस्त्यात इन्नाचं मन तिला खात राहिलं. आपण खोटं बोललो नाही, ती स्वतःला समजावत होती. मी शुद्धच बोलते. पण घरात मी कितीशी असते?

ती दुपारी दोनपर्यंत औषधांच्या दुकानात असायची. नवरा झेनिक व्रोत्स्वाफला, पोलंडमध्ये, इमारतींना गिलावा करत होता. सासू इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली ती तिकडचीच झाली होती. मार्क्यान सगळी सकाळ असायचा तो त्सोत्सा मिल्याजवळ. त्सोत्सा म्हणजे मावशी. मिल्या झेनिकच्या आईची थोरली बहीण. झेनिकलाही तिनंच वाढवलेलं. ती जन्मली तेव्हा हे गाव पोलंडात होतं. शाळेत जायच्या वयापर्यंत वर दोन राज्यं येऊन गेली, झेंडे बदलले, पाट्या बदलल्या. त्सोत्साच्या स्वयंपाकघरात मात्र कुणी शिरलं नाही. तिथं कप म्हणजे फिलिझांका, तवा म्हणजे पातेल्न्या, बूट म्हणजे मेश्ती, आणि सायकल म्हणजे रोवेर. सगळे शब्द कधीकाळी पोलिश लोकांकडून आले, आणि सून जशी सासरची होते तसे इथले होऊन गेले.

लग्न होऊन आली तेव्हा इन्नाला ते गोड वाटायचं. मैत्रिणींना फोनवर ऐकवून ती हसायची. आता हसू येत नव्हतं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की घरात एका वस्तूला दोन नावं असली की मूल गोंधळतं आणि दोन्ही सोडून देतं. कुणी लिहिलं होतं, ते इन्नानं पाहिलं नव्हतं. वाचताक्षणीच तिनं ते खरं मानलं होतं.

मार्क्यानला त्सोत्साजवळ सोडून ती दुकानात गेली, आणि दुपारी घरी पोचली तर स्वयंपाकघरात वेगळंच चाललं होतं. मार्क्यान स्टुलावर उभा, आणि त्सोत्सा त्याला एका पितळी घंटेतून पाणी पाजत होती. घंटा उलटी धरलेली, आतला लोलक बाजूला सारलेला. पोरगं डोळे मिटून पीत होतं.

"हे काय, त्सोत्सा?"

"काही नाही गं. चर्चमधली छोटी घंटा आहे. सेवेकऱ्याकडून मागून आणली, संध्याकाळी परत देणार आहे. घंटेतून प्यायलं की जीभ सुटते." त्सोत्सानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "उकळून घेतलीय. दोनदा उकळली. तुझं मला माहीत आहे ना."

एरवी इन्नाला हसू आलं असतं. आज तिनं पर्स टेबलावर ठेवली, आणि रस्ताभर मनात घोकलेलं एकदम बोलून टाकलं. मे महिना संपेपर्यंत फक्त एकच नाव. कपाला कप, तव्याला तवा. तुमचे ते शब्द त्याच्यासमोर नकोत. तो गोंधळतोय. "मी तुमच्यावर रागावले नाहीये, त्सोत्सा. पण त्याला जर तिकडं ठेवायला लागलं..."

त्सोत्सानं घंटा पुसली. "कोण म्हणालं, माझ्यामुळं गोंधळतो?"

"वाचलंय मी."

"बरं," त्सोत्सा म्हणाली. "शिकलेल्या लोकांनी लिहिलं असेल तर असेल. नाही बोलणार." मग "कप," ती म्हणाली. नवा दात जिभेनं चाचपून बघावा तसं म्हणाली. "चालेल. कप."

त्सोत्सा शब्दाला पक्की निघाली, आणि तिथंच सगळं बिनसलं. आधी ती उठल्यापासून बोलत असायची. बटाट्यांशी, शेगडीशी, रेडिओवरच्या पाद्र्याशी, खालच्या मजल्यावरच्या स्लाव्कोच्या कुत्र्याशी. आता प्रत्येक वाक्याआधी ती थांबायची. पुढ्यातली वस्तू बघायची, तिचं खरं नाव आठवायची, ते सापडेपर्यंत वाक्य विझून जायचं. मग ती नुसताच हात करायची. काही दिवसांनी हात करणंही कमी झालं. घरात भांड्यांचे आवाज तेवढे उरले.

मार्क्यान आधी निदान गुणगुणायचा तरी. आता तेही बंद झालं. इन्ना दुपारी घरी आली की त्याला घेऊन बसायची. "हा काय आहे? कप. म्हण, क-प." तो तिच्या ओठांकडे बघायचा, मग कपाळाकडे, मग उठून टेबलाखाली जाऊन बसायचा.

रविवारी झेनिकचा फोन आला.

"म्हातारीला काय केलंस तू? फोनवर नुसतं हो आणि नाही म्हणते. मला वाटलं आजारी आहे."

इन्नानं सांगितलं.

झेनिक आधी हसला. "अगं ए पोल्तावाच्या राणी, मग आभार मानताना 'द्याकुयू' म्हणणं पण बंद कर. तेही पोलंडातनंच आलंय. इथं दुकानात आभार मानले की बाई वळून बघत पण नाही, इतकं सारखं आहे."

"तुला चेष्टा सुचते. तू तिकडं आहेस."

"हो, मी तिकडं आहे," तो म्हणाला, आणि त्याचं हसू गेलं. "परवा इथल्या मुकादमाला मी म्हटलं, माझा रोवेर पंक्चर झालाय. त्याला काही विशेष वाटलं नाही, इथं सगळेच रोवेर म्हणतात. मलाच वाटलं. त्सोत्सानं मला रोवेर शिकवला होता, मिठाच्या कारखान्यामागं. मागनं धरून पळायची. तुला वाटतं ते कर, इन्ना. पण ती इतकी गप्प नको."

इन्नानं फोन ठेवला. तिला वाटलं, सगळे माझ्याकडंच बघतायत, आणि पोराकडं मी एकटीच बघतेय.

समितीच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. कामावर न जाता ती आतल्या खोलीत पडून राहिली. सकाळी डोळा लागला, आणि जाग आली ती कुजबुजीनं. स्वयंपाकघरातून येत होती. दार बंद केलेलं होतं, पण नीट लागत नव्हतं ते.

"हळू," त्सोत्सा म्हणत होती. "मम्मी झोपलीय. पातेल्न्या दे. ती नाही, लहान. शाब्बास रे माझ्या राजा. आता अंडी. दोन. एक मला, एक तुला, मम्मीला उठल्यावर वेगळं गरम करून देऊ. आता बघ, माझ्या मेश्ती कुठं गेल्या? एक इथं आहे. दुसरी कुणी पळवली? स्लाव्कोच्या कुत्र्यानं पळवली?"

एक गोष्ट मागितली होती या बाईकडं, एकच. ती उठली, भिंतीला धरून दारापर्यंत गेली. दार ढकलायला हात लावला, आणि फटीतून तिला मार्क्यान दिसला.

तो स्वयंपाकघरातल्या त्सोत्साच्या पलंगाखालून सरपटत बाहेर येत होता. हातात त्सोत्साचा दुसरा बूट. त्यानं तो तिच्या पायाशी आणून ठेवला, टाच मागं आणि नाक पुढं, म्हातारीला पाय सरळ घालता यावा असा. मग तिच्या गुडघ्यावर थोपटून उभा राहिला, पुढचं काम सांग म्हणून.

"फिलिझांका दे रे, सोन्या. निळी."

त्यानं कपाट उघडलं. पुढं एक पांढरा कप होता, तो बाजूला सारला, मागचा निळा काढला. दोन्ही हातांत धरून, पाऊल मोजून टाकत, टेबलापर्यंत आला.

इन्ना दारातच उभी राहिली. लहान पातेल्न्या आणि मोठी. दुसरी मेश्ती. निळी फिलिझांका, पांढरी नाही. कितीतरी आठवडे तिनं त्याला फक्त विचारलं होतं, हे काय, ते काय, म्हण. त्सोत्सा त्याला काही विचारतच नव्हती. ती त्याला कामाला लावत होती.

दार कुरकुरलं. त्सोत्सानं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की इन्नाला स्वतःचीच लाज वाटली. चोरून साखर खाताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा, आणि वय ऐंशीला टेकलेलं.

"चुकलं पोरी," त्सोत्सा म्हणाली. "रोज नाही बोलत गं. आज तू आजारी, घर फार गप्प होतं, म्हणून. उद्या समिती आहे ना, मी सगळं बिघडवलं."

इन्नाला बरंच काही म्हणायचं होतं. ती खुर्चीत बसली, आणि तापामुळं की कशामुळं, तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मला पण चहा द्या."

त्सोत्सानं पोराकडं बघितलं, मग इन्नाकडं. कपाचं कुठलं नाव घ्यावं, तिला कळेना. शेवटी ती स्वतःच उठली आणि इन्नासाठी कप काढून आणला, काही न बोलता.

दुसऱ्या दिवशी समितीच्या दाराबाहेर शिपायानं अडवलं. आत मूल आणि आई, बाकी कुणी नाही. त्सोत्सा बाकावर बसली. तिनं ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता. "जा," ती म्हणाली. "मी इथं काही बोलत नाही." आदल्या दिवसाचं तिच्या मनातून गेलं नव्हतं.

आत तिघी होत्या. ल्युबाबाई, एक तरुण डॉक्टर, आणि मधे अध्यक्षबाई, अंगानं जाड, चष्मा दोरीला अडकवलेला. टेबलावर चित्रं. तीच चार, आणि आणखी काही.

"कप दाखव, बाळा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मार्क्याननं त्यांच्या चष्म्याची दोरी बघितली.

"तवा कुठंय? बरं. बूट?" त्यांनी ल्युबाबाईंकडं मान वळवली. त्या वळलेल्या मानेत इन्नाला सोमवारची बस दिसली, काचेला नाक लावलेलं पोर दिसलं.

"एक मिनिट," इन्ना म्हणाली. "त्याला घरात दुसरे शब्द माहीत आहेत."

"कुठले दुसरे?" ल्युबाबाई म्हणाल्या. "तुम्ही तर सांगितलं होतंत, घरात शुद्ध बोलता."

"मी शुद्ध बोलते. पण मी दुपारीच असते घरी. सकाळी तो मावशींजवळ असतो, आणि त्या इथल्या पद्धतीनं बोलतात, जुन्या. मला सांगायची लाज वाटली." तिचे कान तापले. "आणि मी त्यांना बोलायला बंदी केली. दोन्ही चुका माझ्या. त्याला विचारलेलं आवडत नाही. काम सांगितलेलं आवडतं."

तरुण डॉक्टर काहीतरी म्हणणार होती, अध्यक्षबाईंनी तिला हातानं थांबवलं. "मग सांगा काम."

इन्ना खाली बसली, पोराच्या उंचीला. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी ते शब्द तिच्या जिभेवर कधी बसले नव्हते. तिनं चेष्टेत घेतले होते, नक्कल करताना घेतले होते, खरे कधीच नाही.

"मार्क्यान," ती म्हणाली. "त्सोत्सा बाहेर बसलीय. तिला कॉफी प्यायचीय. फिलिझांका दे तिला."

पोरानं तिच्याकडं पाहिलं. आईच्या तोंडात त्सोत्साचा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता. तो हसला, तिला वाटलं आता नुसता हसेल आणि टेबलाखाली जाईल. पण त्यानं टेबलावर हात टाकला, बूट आणि सायकल सारून कपाचं चित्र उचललं, आणि दाराकडं चालू लागला. दार त्याला उघडेना. डॉक्टरनं उठून उघडून दिलं.

बाहेर त्सोत्सा घाबरून उभी राहिली. त्यानं तिच्या हातात चित्र दिलं. तिनं एकदा त्या चित्राकडं, एकदा उघड्या दारातून दिसणाऱ्या बायकांकडं बघितलं. ती बोलणार नव्हती, तिनं कबूल केलं होतं. ती फक्त चित्र तोंडाशी नेऊन एक घोट प्यायली, आणि पदरानं पुसावं तसे रुमालाच्या टोकानं ओठ पुसले.

"आता पातेल्न्या," इन्ना दारातून म्हणाली. "त्सोत्साला अंडं करायचंय."

तो आत आला, तवा घेऊन गेला. मग मेश्ती. मग रोवेर, आणि तो देताना त्यानं त्सोत्साला बाकावरून थोडं सरकवलं, जागा करायला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून छातीवर सोडला. "माझी आई रोवेरच म्हणायची," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. मग कागदाकडं वळून, कामाच्या आवाजात: "समज वयाच्या मानानं चांगली आहे. बोलणं उशिरा. साध्या गटात घ्या, आठवड्यातून दोनदा ल्युबाबाईंकडं, शरद ऋतूत परत दाखवा. आणि ल्युबाबाई, ती चित्रं परत आणा बाहेरनं, पुढचं मूल आलंय."

"आणते," ल्युबाबाई म्हणाल्या, आणि इन्नाजवळून जाताना हळूच विचारलं, "तव्याला काय म्हणालात? परत सांगा. मला इथं अजून बरीच वर्षं काढायचीत."

जिना उतरताना त्सोत्सा गप्पच होती. इन्नानं सगळं सांगितलं, साधा गट, आठवड्यातून दोनदा, शरद ऋतूत परत. त्सोत्सानं कपाळ, छाती आणि खांद्यांवर क्रूसाची खूण केली, मान हलवली, तरी गप्पच.

"बोला ना, त्सोत्सा."

"काय बोलू? चुकीचं निघालं तोंडातनं तर?"

"निघू दे."

"तू म्हणाली होतीस मे संपेपर्यंत."

"मी म्हणाले होते. आता मीच म्हणते, बोला. घरात मला झोप लागत नाही तुम्ही बोलला नाहीत तर."

त्सोत्सा दोन पायऱ्या उतरली. मग थांबली, आणि इतके दिवस साठवलेलं एकदम सुटलं. ती जाड बाई, तिच्या चष्म्याची दोरी बघितलीस का, असल्या दोरीनं आम्ही शेळी बांधायचो. त्या डॉक्टरणीला कुणीतरी खायला घाला. त्या शिपायाचा बाप मला माहीत आहे, तोही असाच दाराशी उभा राहायचा आणि कुणाला आत सोडायचा नाही, बायकोला सुद्धा. बाजारातून जाऊ, कोबी घेऊ, घरी चांगला नाही राहिलेला. अर्ध्याहून जास्त शब्द इन्नाच्या डोक्यावरून गेले. तिनं मध्ये थांबवलं नाही. मार्क्यान दोघींच्या मधे, दोन्ही हात वर, पायऱ्या उड्या मारत उतरत होता, आणि गुणगुणत होता.

फाटकाशी येऊन त्सोत्सानं कोटाचे खिसे चाचपले. "अगंबाई. माझा पुल्यारेस."

"काय राहिलं?" इन्नानं विचारलं. "छत्री? छत्री तर आणलीच नव्हती."

त्सोत्सा सांगायला तोंड उघडते तोवर मार्क्याननं दोघींचे हात सोडले होते. तो मागं वळला आणि पळत सुटला, पायऱ्यांवर हात टेकत वर गेला, दिसेनासा झाला. इन्ना त्याच्या मागं धावणार होती. त्सोत्सानं तिच्या कोपराला धरलं.

"थांब गं. पडायचा नाही."

इन्ना थांबली. तिला ते जड गेलं, पण ती थांबली. वरून कुणाशी तरी काहीतरी खटपट ऐकू आली, शिपायाचं हसणं आलं, आणि मग तो खाली येऊ लागला, एकेक पायरी, बसून, घसरत. हातात चामड्याचं एक जुनं पैशाचं पाकीट होतं, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. ते त्यानं त्सोत्साला दिलं नाही. पुल्यारेस म्हणजे काय ते आईला कळावं म्हणून त्यानं ते आधी इन्नासमोर धरलं.